रुईवरची फुलपाखरं, रातराणीवरचे पतंग : सातारा-सांगलीच्या चैत्रातल्या नोंदी

माचीवरून

यंदा फाल्गुन सरत आला तसा व्हॉट्सॲपवर एक फोटो फिरायला लागला. नारिंगी पंख, काळी किनार, पुढच्या पंखांच्या टोकाशी पांढरा पट्टा आणि खाली ओळ, 'साताऱ्यात मोनार्क आलं!' फोटो गोडोलीकडचा आहे आणि खराही आहे. फुलपाखरू मात्र मोनार्क नाही, ते आपलं प्लेन टायगर आहे.

मोनार्क मूळचं अमेरिका खंडातलं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही ते जाऊन स्थिरावलं, भारतात मात्र नाही. दोघं एकाच दानाउस कुळातली, आणि लिनियसने १७५८ मध्ये दोघांचंही बारसं केलं, त्यामुळे घोटाळा होणं साहजिक आहे. ओळखायचं असं : मोनार्कच्या पंखांवरची प्रत्येक शीर काळ्या रंगाने जाड गिरवलेली असते. प्लेन टायगरचे मागचे पंख जवळपास कोरे, मध्यावर फक्त तीन काळे ठिपके. चौथा ठिपका दिसला तर तो नर, कारण तो ठिपका म्हणजे त्याची गंधाची पिशवी. मोनार्क पंख पसरून नऊ-दहा सेंटिमीटर भरतं, आपलं सात-आठ. काळ्या शिरांचं नारिंगी फुलपाखरू आपल्याकडे दिसलंच तर ते स्ट्राइप्ड टायगर. अळीवरून ओळखणं तर आणखी सोपं आहे. मोनार्कच्या अळीच्या अंगावर काळ्या मऊ शिंगांच्या दोन जोड्या असतात, प्लेन टायगरच्या अळीला तीन.

हे सगळं इतक्या तपशिलात लिहितोय कारण 'मोनार्क आलं' म्हणून आनंदणारी माणसं दुसऱ्या दिवशी कंपाउंडबाहेरची रुई 'तण' म्हणून काढून टाकतात. आणि प्लेन टायगरचं सगळं बालपण त्या रुईवर जातं.

आमच्या घरामागच्या भिंतीला लागून रुईचं एक झुडूप आपसूक उगवलंय. मार्चच्या उन्हात बाकी बाग मरगळलेली असताना त्यावर सकाळी आठ ते दहा या वेळात चांगली वर्दळ असते. मादी पानावर उतरते, पोट वाकवून खालच्या बाजूला एकच अंडं चिकटवते आणि पुढच्या पानावर जाते. मोहरीहून बारीक, पांढुरकं, उभ्या रेषांचं अंडं. तीन-चार दिवसांनी अळी बाहेर येते, आधी अंड्याचं कवच खाते, मग पान.

पान खाण्याची तिची रीत एकदा जवळ बसून बघाच. रुईचा चीक घट्ट आणि विषारी, बारकी अळी त्यात चिकटून मरू शकते. म्हणून ती आधी पानाच्या खालच्या अंगाला गोल चर कोरते. चरातून चीक पाझरून जातो, आणि मग ती फक्त चराच्या आतलं खाते. मोठी झालेली अळी सरळ मधली शीरच कुरतडते. पान खाली झुकतं, शिरेच्या कापातून पांढरे थेंब टपकतात, आणि अळी कापाच्या पुढचा सुका भाग निवांत संपवते. तरीही चिकातलं थोडं विष अंगात साठतंच, आणि तेच तिचं आयुष्यभराचं संरक्षण. म्हणून हे फुलपाखरू इतकं संथ उडतं. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही.

कोष लोंबता, वरच्या बाजूला सोनेरी-काळ्या मण्यांची रेघ. हिरव्या पानाआड केलेला कोष हिरवा, सुक्या काडीवर किंवा भिंतीवर केलेला गुलाबीसर.

संध्याकाळनंतर बागेचा ताबा पतंगांकडे जातो. त्यांच्याबद्दल मला तुमच्याकडून ऐकायचंय, कारण आपल्याकडे फुलपाखरांच्या नोंदी बऱ्या होतात आणि पतंगांच्या फारच थोड्या. भारतात फुलपाखरांच्या साधारण १,३०० ते १,४०० जाती आहेत आणि पतंगांच्या १०,००० हून अधिक. तेव्हा सातारा-सांगली जिल्ह्यातल्या मंडळींनी आपापल्या बागेत, शेतात, गच्चीवर काय दिसतंय ते लिहा. गाव, झाड आणि वेळ एवढं लिहिलंत तरी पुरे. फोटो असतील तर उत्तम.

नवी_बाग

फार सुंदर धागा. मी विश्रामबाग, सांगली. गच्चीवर कुंड्यांची बाग आहे. फुलपाखरांसाठी म्हणून नर्सरीतून हळदीकुंकवाची (लाल-पिवळ्या तुऱ्यांची) दोन रोपं आणली. प्लेन टायगरने आठवड्याभरात अंडी घातली, अळ्याही झाल्या, पण दोन दिवसांत काळ्या पडून गळून गेल्या. शिवाय देठांवर पिवळाधम्मक मावा चढलाय. मावा मारायला काय फवारू? आणि अळ्या कशाने मेल्या असतील?

वनस्पती_मास्तर

माचीवरून, उत्तम सुरुवात. मी कराडचा, शाळेतून निवृत्त.

@नवी_बाग, ताई, काहीही फवारू नका. तो पिवळा मावा रुई, कण्हेर, हळदीकुंकू अशा चिकाच्या झाडांवर येतोच. पाण्याची जोरदार धार मारा किंवा ओल्या फडक्याने देठ पुसा, पुसण्याआधी पानाखाली अंडी आहेत का ते बघून घ्या. ढालकिडे (लेडीबर्ड) आले की उरलेला मावा ते संपवतील.

अळ्या मरण्याचं सर्वात संभाव्य कारण नर्सरीतच पडलेलं असतं. विक्रीची रोपं टवटवीत दिसावीत म्हणून त्यांना आंतरप्रवाही कीटकनाशक देतात. ते मुळांतून पानापानांत पोचतं आणि बरेच आठवडे टिकतं. पान धुऊन ते जात नाही. ती रोपं एकदा खरड कापा, नवी फूट येऊ द्या आणि पहिले दोन महिने मच्छरदाणीच्या कापडाने झाकून ठेवा म्हणजे मादी त्यावर अंडी घालणार नाही. पुढच्या खेपेला बियांपासून रोपं करा. शेंगा तडकल्या की म्हातारीसारखं बी उडतं, ते धरून ठेवा.

तरी माझं मत विचाराल तर हळदीकुंकवापेक्षा रुईच लावा. हळदीकुंकू मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं. रुई आणि मंदार इथल्या मुरमात, बिनपाण्याचे वाढतात. कुंडी मात्र मोठी लागेल. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, छाटल्यावर हात साबणाने धुवा, घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा.

कुंपणावर हिरणदोडीचा वेल चढवता आला तर ब्लू टायगरची सोय होते. स्ट्राइप्ड टायगरची अळी कंदीलपुष्पांच्या वेलांवरही वाढते, आणि सातारा जिल्ह्याच्या सड्यांवर ही कंदीलपुष्पं आहेत म्हणून त्या सड्यांना हात न लावणं महत्त्वाचं.

या टायगर मंडळींबद्दल एक गोष्ट फारशी लिहिली जात नाही. फक्त रुई असून भागत नाही. नरांना मादीला आकर्षित करायचा गंध तयार करायला काही ठरावीक अल्कलॉइड द्रव्यं लागतात, आणि ती त्यांना मिळतात भुरुंडीच्या आणि खुळखुळ्याच्या सुकल्या देठा-पानांतून. वाळलेल्या भुरुंडीवर नर अक्षरशः लगडलेले दिसतात, सोंडेने सुका देठ ओला करून चोखत असतात. म्हणजे आपण 'वाळलं, उपटून टाका' म्हणतो तेच त्यांना हवं असतं. खुळखुळ्यावर आणखी एक पाहुणा मिळेल : पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके असलेला, दिवसा उडणारा छोटा पतंग, युटेथिसा. त्याची अळी खुळखुळ्याच्या शेंगांत शिरून बी खाते. पतंग म्हटलं की मळकट, करडं काहीतरी असं ज्यांना वाटतं त्यांनी हा जरूर शोधावा.

टेक्सासातली_सातारकर

वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माहेर शाहूपुरीचं, आता बरीच वर्षं टेक्सासात. इथे याच दिवसांत खरी मोनार्क येतात, म्हणून तिकडची हकिगत.

मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्याच्या डोंगरांत, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटर उंचीवर ओयामेल नावाच्या फर वृक्षांची रानं आहेत. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडची मोनार्क तिथे हिवाळा काढतात, फांद्या वाकतील इतक्या दाटीने. ही जागा बाहेरच्या जगातल्या शास्त्रज्ञांना कळली ती १९७५ च्या जानेवारीत. तिथल्या गावकऱ्यांना अर्थात आधीपासून माहीत होती. मार्चमध्ये ती तिथून निघतात आणि आमच्या टेक्सासात पहिली अंडी घालतात. त्यांची मुलं पुढे उत्तरेला, नातवंडं त्याहून पुढे, असं करत तीन-चार पिढ्यांत कॅनडाच्या सीमेपर्यंत. या उन्हाळी पिढ्या दोन ते सहा आठवडेच जगतात. शरद ऋतूत जन्मलेली पिढी मात्र सात-आठ महिने जगते आणि कधीही न पाहिलेल्या त्याच डोंगरावर परत जाते, काही तर ४,००० किलोमीटरांहून जास्त उडून.

आमच्या अंगणात मार्चअखेर आलेली मादी ओळखू येते. पंख विटलेले, कडा फाटलेल्या, कधी मागच्या पंखाचा अर्धा भागच नाही. तरी ती एका मिल्कवीडवरून (रुईसारखं चिकाचं झाड, मोनार्कच्या अळीचं खाद्य) दुसऱ्यावर जात अंडी घालत असते. एका रोपट्यावर जेमतेम चार पानं फुटलेली असतात, आणि त्यावरही एक अंडं.

त्यांची मोजणी तिकडे संख्येत नाही, व्यापलेल्या जंगलाच्या हेक्टरांत करतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात १८ हेक्टरांहून थोडं जास्त. २०१३-१४ मध्ये ०.६७. २०२३-२४ मध्ये ०.९ आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात १.७९. कारणं अनेक आहेत : शेतांतून तणनाशकाने नाहीसं झालेलं मिल्कवीड, हिवाळी जंगलातली तोड, दुष्काळ, बिघडलेलं हवामान.

मास्तरकाकांनी हळदीकुंकवाबद्दल लिहिलंय ते इथल्यासाठी आणखीच लागू आहे. इथलं देशी मिल्कवीड थंडीत वाळून जातं. हळदीकुंकू टेक्सासच्या दक्षिणेकडच्या सौम्य थंडीत हिरवंच राहतं. मग काही मोनार्क पुढे जातच नाहीत, तिथेच अंडी घालत बसतात. शिवाय एका सूक्ष्म परजीवीचे कण त्या पानांवर साठत जातात आणि पुढची पिढी वाकड्या पंखांची निघते. म्हणून ज्यांच्याकडे आहे त्यांना शरद ऋतूत ते जमिनीलगत छाटायला सांगतात. आम्ही अँटिलोप-हॉर्न्स आणि ग्रीन मिल्कवीड ही इथली देशी दोन लावली आहेत.

आणि पतंग! इथे वसंतात लूना मॉथ निघतो, पोपटी, लांब शेपट्यांचा. त्याच अ‍ॅक्टियास कुळातला मून मॉथ सह्याद्रीत आहे. इथला पॉलिफिमस मॉथ आणि तिकडचा टसर एकाच अँथेरिया कुळातले. माझ्या मुलीला मी आईने पाठवलेले महाबळेश्वरचे फोटो दाखवते तेव्हा ती आधी कूळ ओळखते, मग देश विचारते.

चाफळचा

सगळ्यांना नमस्कार. मला रुईबद्दल एक वेगळी बाजू मांडायची आहे.

आमच्याकडं समर्थांच्या अकरा मारुतींपैकी दोन चाफळलाच. माजगाव, उंब्रज, मसूर, शिंगणवाडी जवळ, खाली सांगली जिल्ह्यात बहे आणि शिराळा. दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ. हनुमान जयंतीला तर गावागावांत पोती भरून पानं तुटतात, आणि ती बरोबर चैत्रात, प्लेन टायगरची अंडी पानांवर असतात तेव्हा. माळ करताना पान उलटं करून पुसतो तेव्हा बोटाला बारीक कण लागतो. तो कण म्हणजे अंडं, हे हा धागा वाचून कळणारे बरेच असतील.

श्रद्धेला धक्का लावायचं काही कारण नाही. मारुतीची माळ हवीच. पण पान तोडताना उलटून बघायला किती वेळ लागतो? अंडं किंवा अळी असलेलं पान राहू द्यावं, शेजारचं घ्यावं. झुडूप ओरबाडून न घेता प्रत्येक फांदीवरची दोन-दोन पानं घ्यावीत. आमच्या आळीतली पोरं आता असंच करतात. एकदा अळी दाखवली की पोरांना परत सांगावं लागत नाही. आणि मारुतीमुळंच तर देवळामागची रुई आजवर कुणी तोडली नाही, हेही तितकंच खरं.

निशाचर

+१ चाफळचा. देवळांच्या मागची रुई हा विषय वेगळ्या धाग्याचा आहे, जरूर काढा.

पतंगांसाठी माझ्या नोंदी, वाई. रात्री बघायची साधी पद्धत : दोरीवर पांढरं धोतर किंवा चादर ताणून बांधायची, तिच्यासमोर दिवा. अतिनील नळी असली तर जास्त येतात, साधा बल्बही चालतो. चांदणं नसलेली, वारा पडलेली, दमट रात्र सर्वात चांगली. म्हणून अमावास्येच्या आसपास बघा. वळीव पडून गेलेल्या संध्याकाळी तर चादर भरून जाते.

दोन पथ्यं पाळा. दिवा रात्रभर ठेवू नका, दोन-तीन तास बास. ते पतंग जोडीदार शोधायला, अंडी घालायला निघालेले असतात, आपण त्यांना अडवून ठेवतो. मून मॉथ, अ‍ॅटलस, टसर यांना तर प्रौढपणी तोंडाचे अवयवच उपयोगाचे नसतात. अळीपणी खाल्लेल्यावर आठवडाभर काढायचा असतो, त्यातली एक रात्र आपल्या चादरीवर घालवणं त्यांना परवडत नाही. दुसरं, दिवा बंद केल्यावर चादर हलकेच झाडून सगळ्यांना झुडपांत सोडा. नाहीतर पहाटे दयाळ आणि बुलबुल येऊन एकूण एक टिपतात.

चादरीशिवायही खूप दिसतं. रातराणी, निशिगंध, पपई फुललेली असेल तर दिवस मावळल्यावर अर्धा तास शांत उभे राहा. हॉक मॉथ फुलासमोर हवेत स्थिर राहून सोंड लांबवतात. रताळ्याच्या वेलावर वाढणाऱ्या अग्रियसची सोंड त्याच्या अंगापेक्षा लांब असते.

आणि कण्हेर-तगरीवाल्यांनो, तुमच्या झाडाखाली बारीक काळ्या लेंड्या दिसल्या तर वर बघा. हिरवीगार, बोटाएवढी अळी, डोक्यामागे दोन निळे-पांढरे डोळे काढल्यासारखे ठिपके आणि शेपटाला छोटं शिंग. हा ओलिअँडर हॉक मॉथ. हात लावला की ती डोकं आत ओढते, मान फुगवते आणि ते डोळे वटारले जातात. शिंग टोचत नाही, चावतही नाही. कोषात जायच्या आधी ती तपकिरी होते, झाडावरून उतरते आणि पाचोळ्यात कोष करते. त्यातून निघणारा पतंग शेवाळी हिरवा आणि गुलाबी, संगमरवरावर असावी तशी नक्षी. तगरीची चार पानं देऊन हे बघायला मिळतं.

नवी_बाग

मास्तरकाका, मनापासून आभार. रोपं छाटून कापड बांधलं. अजून एक विचारायचंय. सदाफुलीवर भर दुपारी एक इवलासा 'हमिंगबर्ड' येतो, शेजारच्या काकूंनीही पाहिलाय. व्हिडिओ दिलाय. हा खरंच पक्षी आहे का?

निशाचर

व्हिडिओ पाहिला, फार छान टिपलाय. भारतात हमिंगबर्ड नाहीत, ते फक्त अमेरिका खंडात. हा दिवसा उडणारा हॉक मॉथ, मॅक्रोग्लॉसम. शेपटीचा झुपका पंख्यासारखा उघडतो त्यामुळे पक्ष्याचा भास होतो. डोक्यावर मिशा आहेत ना, त्या बघा. पक्ष्याला मिशा नसतात. त्याचा एक नातेवाईक सेफोनोडीस, पारदर्शक पंखांचा, हिरवट अंगाचा. त्याची अळी अनंताच्या झाडावर वाढते. अनंत असेल तर पावसाळ्यात लक्ष ठेवा.

द्राक्षबाग

मी तासगावकडचा बागायतदार. वाचून बरं वाटलं, पण आमची बाजू मांडतो.

शेतकऱ्याला पतंग म्हणजे नुकसानच आठवतं. उसाला खोडकिडा, हळदीला खोड पोखरणारी अळी, मक्याला लष्करी अळी. ती लष्करी अळी तर २०१८ ला आधी कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी आपल्याकडं आली. मूळ अमेरिकेची. तिचाही पतंगच होतो. मोनार्क काही आलं नाही, ही मात्र आली. तेव्हा 'पतंग वाचवा' म्हटल्यावर माझ्या शेजाऱ्याला सांगू काय?

द्राक्षावर एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी फूट निघते, त्यावर शेपटाला शिंग असलेली मोठी अळी दिसते. एकटीदुकटीच असते, पण एका रात्रीत शेंडा साफ करते. आम्ही हातानं वेचतो. ती निशाचर यांनी लिहिलेलीच का?

निशाचर

दादा, प्रश्न अगदी रास्त आहे. तुमच्या वेलावरची बहुधा हिप्पोशन, तिला व्हाइन (म्हणजे वेलीवरचा) हॉक मॉथ म्हणतात. ओलिअँडर नव्हे. एकटीदुकटी असते तर हाताने वेचणं हाच सर्वात चांगला उपाय. जमलं तर बांधावरच्या अळवावर किंवा रानद्राक्षाच्या वेलावर नेऊन सोडा.

शेजाऱ्याला इतकंच सांगा : हजारो जातींपैकी पिकाला सतावणाऱ्या मोजक्या. त्यांच्यासाठी कामगंध सापळे आहेत, प्रत्येक किडीला तिचाच गंध, त्यात दुसरा पतंग सहसा अडकत नाही. प्रकाश सापळा मात्र जपून वापरा. त्यात सगळेच येतात आणि मित्रकीटकही मरतात. लावायचाच तर संध्याकाळी सात ते नऊ-दहा, पूर्ण रात्र नको. आणि बाकीच्या पतंगांच्या अळ्यांवर चिमण्या, सातभाई, वटवटे यांची पिल्लं पोसतात. चैत्र-वैशाखात पिलांना दाणे नाही चालत, अळ्याच लागतात. तेच पक्षी तुमच्या शेतातल्या अळ्याही टिपतात.

माणगंगा

आटपाडीहून. आमच्या डाळिंबाला रस शोषणाऱ्या पतंगाचा फार त्रास. रात्री येऊन पिकल्या फळाला सोंडेनं भोक पाडतो, चार दिवसांत फळ सडून पडतं. मोठा पतंग, मागचे पंख नारिंगी. सल्ला मिळतो की आसपासची गुळवेल आणि वासनवेल उपटा, कारण अळी तिच्यावर वाढते. गुळवेल औषधी, उपटायला जीव होत नाही. मधला मार्ग आहे का?

वनस्पती_मास्तर

आहे. बागेच्या अगदी कडेची तेवढी काढा, ओढ्याकाठची आणि लांबच्या लिंबावरची राहू द्या. फळ पिकायला लागलं की कागदी पिशव्या घाला, गळालेली फळं रोज उचलून पुरा, कारण त्यांच्या वासानेच पतंग जमतात. पावसाळा संपता संपता जोर जास्त असतो, तेव्हा संध्याकाळी बागेत धूर करणारे शेतकरीही आहेत. पतंग दिसायला देखणा आहे, तरी तुमच्या फळापुढे त्याची बाजू मी घेणार नाही.

टेक्सासच्या ताईंनी स्थलांतराचं लिहिलं त्याला जोड : आपल्या टायगर आणि क्रो फुलपाखरांचंही स्थलांतर आहे. दक्षिण भारतात ती पावसाळ्याआधी, एप्रिल ते जूनमध्ये, पश्चिम घाटातून पूर्वेकडच्या मैदानांकडे थव्यांनी जातात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परत येतात. तेव्हा कुणाला एकाच दिशेने सलग उडणारे थवे दिसले तर दिशा आणि वेळ नक्की लिहून ठेवा. अशा साध्या नोंदींचा पुढे फार उपयोग होतो.

माचीवरून

इतके प्रतिसाद बघून फार समाधान वाटलं. दोन गोष्टी राहिल्या होत्या.

पहिली वणव्याची. चैत्रात अजिंक्यतारा, यवतेश्वर, आसपासचे सगळे डोंगर कुणी ना कुणी पेटवतं. 'गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं' हा समज अजून पक्का आहे. त्या गवतात, पाचोळ्यात आणि झुडपांच्या फांद्यांवर आत्ता पतंगांचे कोष आहेत, पावसाची वाट बघत. मून मॉथ, टसर, अ‍ॅटलस वळवानंतर आणि पावसाळ्यात दिसतात ते हवेतून येत नाहीत, याच कोषांतून येतात. एका संध्याकाळच्या आगीत डोंगराच्या पूर्ण उताराची पुढची पिढी जाते. अंगणातला पाचोळा जाळणं हा त्याचाच छोटा प्रकार आहे. झाडाच्या बुंध्याशी ढीग करून ठेवा, खतही होतं आणि कोषही वाचतात. ज्यांना वणवा दिसेल त्यांनी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

दुसरी नोंद डॅनेड एगफ्लायची. याची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते, विषारी नसूनही. तिच्या मागच्या पंखावर मध्यावरचे तीन ठिपके नसतात, वरच्या कडेला एकच असतो. नर तर पूर्ण वेगळा, काळाभोर, जांभळ्या कडेचे पांढरे मोठे ठिपके. अळी घोळीच्या भाजीवर वाढते. म्हणून कुंडीत आलेली घोळ सगळी खुडू नका. पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त दिसेल, आतापासून जागा तयार ठेवा.

नवी_बाग

एक शेवटचा प्रश्न. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरच्या रुईची एक अळी भिंत चढून आली आणि आमच्या गच्चीच्या दाराच्या चौकटीवर कोष केलाय, बरोबर कडीच्या वर. दार उघडताना धक्का लागतो. हलवू का?

वनस्पती_मास्तर

एक दिवस थांबा, ताजा कोष फार मऊ असतो. कडक झाल्यावर त्याच्या वरच्या टोकाशी रेशमाची पांढरी गादी दिसेल. कोष न धरता ती गादी सुईने किंवा नखाने अलगद सोडवा आणि त्या रेशमातून दोरा ओवून कोष सावलीतल्या काडीला टांगा. खाली निदान वीतभर मोकळी जागा हवी, पंख उलगडायला. आठवडा-दहा दिवसांत कोष पारदर्शक होऊन आतले नारिंगी पंख दिसायला लागले की दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपाखरू निघेल. कोषातून त्याऐवजी पांढऱ्या अळ्या धाग्याला लोंबत उतरल्या तर घाबरू नका. त्या टॅकिनिड माशीच्या, तिचंही घर रुईवरच चालतं.

चाफळचा

मास्तर, हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी पानं तोडायला जाताना शाळेतल्या पोरांना बरोबर नेतोय. अंडं आणि अळी कशी दिसते ते त्यांना दाखवायला एखादा स्पष्ट फोटो इथं टाकता का? छापून देवळाच्या फळ्यावर लावतो.

माचीवरून

माझ्याकडे आहे. पानाची खालची बाजू, अंडं आणि बाजूला मोहरीचा दाणा, असा एक. आणि चर कोरणाऱ्या अळीचा एक. संध्याकाळी टाकतो.